श्रीरामपूरचा झहीर खान: खरी कारकीर्द वूस्टरनंतरचीच?

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

झहीर खानचं नाव निघालं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास निघतात. एक, २००३ च्या वर्ल्ड कप फायनलमधली त्याची मार खाल्लेली पहिली ओव्हर. दुसरी, "अरे तो तर आपल्या शेजारचा, श्रीरामपूरचा!" पहिलीवरून शिव्या देऊन झाल्या, दुसरीवरून कॉलर ताठ करून झाली. मधली चौदा-पंधरा वर्षं मात्र कुणी धड बोलत नाही. म्हणून हा धागा.

श्रीरामपूर खानदेशात नाही, हे मला माहीत आहे. नगरकरांनी लगेच नकाशे घेऊन येऊ नये. पण आपली महाराष्ट्र एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, चाळीसगाव करत मनमाडला वळते आणि पुढे बेलापूर स्टेशनात थांबते, ते बेलापूर म्हणजेच श्रीरामपूर. उसाचं, साखर कारखान्यांचं तालुक्याचं गाव. आपलं अमळनेर, चोपडा, शहादा यांच्यापेक्षा फार वेगळं नाही. तिथल्या फोटोग्राफरचा पोरगा, जन्म ७ ऑक्टोबर १९७८. इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेला. आणि वडीलच म्हणतात, ते सोड, मुंबईला जा आणि बोलिंग कर. हे वाचून मी आमच्या वडिलांकडे नुसतं पाहिलं, बोललो काही नाही.

सतराव्या वर्षी मुंबईत. तिथे नॅशनल क्रिकेट क्लबचे कोच सुधीर नाईक भेटले. मग टी. ए. शेखर यांच्या नजरेत भरला आणि चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशन, म्हणजे डेनिस लिलीची फास्ट बोलिंगची शाळा. मुंबईच्या संघात जागा मिळेना म्हणून रणजी बडोद्याकडून. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीला स्टीव्ह वॉचा यॉर्करवर त्रिफळा उडाला, तो बॉल ज्यांनी लाइव्ह पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. पुढच्याच महिन्यात ढाक्याला कसोटी पदार्पण. बांगलादेशचीही ती पहिलीच कसोटी.

आता माझा मुद्दा. हा जो पहिला झहीर, उडी मारून जोरात बॉल टाकणारा, तो चांगला होता, पण तसे आपल्याकडे आले आणि गेले. २००५ च्या शेवटी त्याला संघातून काढलं, बोर्डाच्या करारातही खालच्या श्रेणीत ढकललं. तिथेच संपला असता तर आज आपण "आठवतो का तो लेफ्टी?" म्हटलं असतं. तो २००६ मध्ये इंग्लंडला वूस्टरशायरकडे गेला. काउंटीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, रिकाम्या स्टेडियमांत, आठवड्यामागून आठवडा बॉल टाकत राहिला. ७८ बळी. एसेक्सविरुद्ध तर डावातले पहिले ९ एकट्याचे. शेवटच्या माणसाचा झेल यष्टिरक्षकाने सोडला म्हणून दहावा हुकला.

परत आला तो दुसराच माणूस. रन-अप आखडलेला, उडी गेलेली, वेगही थोडा कमी. पण बॉल कुठे टाकायचा आणि का टाकायचा हे कळलेला. २००७ चा इंग्लंड दौरा, २०११ चा वर्ल्ड कप, ३११ कसोटी बळींमधला मोठा वाटा, हे सगळं या दुसऱ्या झहीरचं. माझ्या मते कारकीर्द तिथून मोजावी.

पटत नसेल तर बोला. पटत असेल तरी बोला, नुसतं +१ नको.

भुसावळ_जंक्शन

+१

(मुद्दाम.)

आता खरा प्रतिसाद. आम्हा भुसावळकरांचं झहीरशी जुनं वैर आहे. २०००-०१ ची रणजी फायनल आठवा. बडोदा विरुद्ध रेल्वे. रेल्वे पहिल्यांदाच जिंकणार अशा बेतात होती आणि या बाबाने दुसऱ्या डावात ५ काढले. रेल्वे २१ रनांनी हरली. आमचे वडील रेल्वेच्या शेडमध्ये कामाला, त्यांच्या टोळीत कुणाला क्रिकेटचं फार पडलेलं नव्हतं, पण "आपली रेल्वे हरली" म्हणून दोन दिवस चेहरे पडलेले. इंडियाकडून खेळायला लागला तरी वडील त्याला "तो बडोदेवाला" म्हणायचे. २०११ नंतर माफ केलं.

खरं_बोलतो_धुळे

धागा छान, पण जरा हवा जास्त भरली आहे.

९२ कसोटी, ३११ बळी, सरासरी (म्हणजे एका बळीमागे दिलेले रन, जितके कमी तितकं चांगलं) ३२.९४. श्रीनाथची सरासरी ३०.४९, कपिलची २९.६४. म्हणजे दोघंही आकड्यात पुढे. मग "महान" कुठून आला? चौदा वर्षांत कसोट्या ९२, बाकीचा वेळ फिजिओकडे. २०११ मध्ये लॉर्ड्सला काय झालं? पहिल्या दिवशी दोन विकेट काढल्या, मांडीचा स्नायू धरला, आणि साहेब गेले. पुढे आपण मालिका ४-० हरलो. वर्ल्ड कप जिंकून तीन महिने झाले होते फक्त. आपला एक नंबरचा बोलर खेळवण्याइतकाही फिट नसेल तर तो दोष कुणाचा?

इशांत शर्माचेही बरोबर ३११ आहेत. त्याच्यावर कुणी धागा काढत नाही.

नंदुरबारना_भाऊ

सरासरीनं काय लोनचं घालनं शे का भो?

बॉल टाकाले नुसती ताकद नही, अक्कल बी लागस. २००७ ना नॉटिंगहॅम देखा, मंग बोला.

तापीकाठ

@खरं_बोलतो, आकडे बरोबर आहेत, नाकारत नाही. इशांतवर तूच धागा काढ, मी पहिला येतो.

पण सरासरीत एक गोष्ट लपते. हा ३२.९४ दोन माणसांचा मिळून आहे, त्यातला पहिला महागडा होता. आणि दुसरं म्हणजे कुठल्या दिवशी विकेट काढल्या ते. भाऊंनी नॉटिंगहॅम काढलंच आहे तर सांगतो. ट्रेंट ब्रिज, २००७. झहीर बॅटिंगला आला तेव्हा कुणीतरी पिचवर जेली बीन्स, म्हणजे त्या रंगीत गोळ्या, टाकून ठेवलेल्या. त्याने एकदा बाजूला केल्या, परत दिसल्या. भडकला, बॅट उगारून पीटरसनशी वाद घातला. आपल्याकडचा एखादा पोरगा असता तर त्या रागात पुढच्या सहा ओव्हर शॉर्ट टाकून मोकळा झाला असता. झहीरने दुसऱ्या डावात ७५ रनांत ५ काढले, सामन्यात ९. सामना आपला, मालिका १-० आपली, इंग्लंडमध्ये १९८६ नंतर पहिल्यांदा.

लॉर्ड्सचं दुखणं मलाही दुखतं. पण दोष कुणाचा म्हणशील तर वर्ल्ड कप संपल्यावर लगेच दीड-दोन महिने आयपीएल होतं, हेही मोज ना.

डावखुरा_चाळीसगाव

मी स्वतः डाव्या हाताने बोलिंग करतो, लेदर बॉलवर बरीच वर्षं काढली, आता पोरांना शिकवतो. त्यामुळे लांबलचक लिहिणार. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे जावं.

झहीरचं कौतुक "स्विंग" म्हणून करतात. स्विंग खूप जणांकडे असतो. त्याची खरी करामत लपवण्यात होती. रिव्हर्स कसा होतो ते आधी बघा. बॉलची एक बाजू खरबरीत होऊ द्यायची, दुसरी घासून घासून चकचकीत ठेवायची. नव्या बॉलवर जो बॉल चकाकीच्या उलट बाजूला जातो, तो जुना झाल्यावर आणि वेग असला तर चकाकीच्याच बाजूला वळायला लागतो. पण चांगला बॅट्समन रन-अपमध्येच बोलरच्या हातातली चकाकी हेरतो. चकाकी कुठे आहे कळलं की बॉल आत येणार का बाहेर जाणार हे अर्धं कळलं. म्हणून झहीर धावत येताना उजवा हात बॉलवर झाकून आणायचा, अगदी उडी घेईपर्यंत. जुने व्हिडिओ काढून बघा, बॉल दिसतच नाही. बॅट्समनला विचार करायला जो पाव सेकंद जास्त मिळतो तो यानं काढून घेतला.

आणि लेफ्टी बॅट्समनला राउंड द विकेट येऊन जो अँगल करायचा! दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅमी स्मिथला विचारा. तो माणूस साऱ्या जगाला पुरून उरला आणि याच्यासमोर पाय हलवायला विसरायचा.

आता नकल बॉल. २०११ च्या वर्ल्ड कपात त्याने तो बाहेर काढला. बॉल बोटांच्या पेरांत, नखं टेकवून धरायचा. हात त्याच वेगात येतो, रन-अप तोच, पण बॉलला मागची फिरकी मिळत नाही आणि तो हळू येतो. चेन्नईला वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ ८१ वर खेळत होता, त्यांना २६९ हवे होते, २ बाद १५४. मॅच हातातून चालली होती. झहीरचा स्लोअर, स्मिथ बोल्ड, आणि सगळे १८८ मध्ये गुंडाळले. उपांत्यपूर्व फेरीत अहमदाबादला मायकेल हसी बोल्ड, तो ३ वर. हसीसारखा माणूस तीन रनांवर असा फसतो म्हणजे काय ते समजा.

आमच्याकडच्या पोरांना हे सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून सगळे नकल बॉलच टाकायला लागतात. टप्पा धड पडत नाही, दोन बॉल किपरच्या डोक्यावरून जातात. अरे, त्याने आधी दहा वर्षं लाइन-लेंग्थ टाकली, मग हे केलं!

आणखी एक. आपली काळी माती कडक वाळते, आउटफिल्ड म्हणजे उन्हाळ्यात नुसते खडे. लेदर बॉल पंधरा ओव्हरमध्ये कातरल्यासारखा होतो. रिव्हर्ससाठी याहून चांगली मैदानं नाहीत. पण एक बाजू राखायला कुणी तयार नसतं. मिड-ऑफवाला बॉल जमिनीवर टप्पा पाडून फेकतो, दोन्ही बाजू सारख्याच खराब. मी ओरडून ओरडून थकलो.

केळीवाला_रावेर

डावखुरा साहेब, मस्त. प्रिंट काढून पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला... म्हणजे फोटो काढून टाकतो.

अमळनेरची_लेक

सगळे फक्त बॉल बॉल करताय, माणसाबद्दल पण बोला की. धाग्यात "कारकीर्द" म्हटलंय म्हणून घर येत नाही का?

मला त्याचा २०१७ चा निर्णय आवडतो. सागरिका घाटगेशी लग्न. ती कोल्हापूरकडच्या घाटगे राजघराण्यातली, हॉकीवरच्या सिनेमातून नाव झालेली. दोघं एवढे प्रसिद्ध, घरचं सगळं भक्कम, आणि लग्न काय केलं? कोर्टात जाऊन सह्या. पार्टी नंतर. आमच्या आळीत मागच्या लग्नाला हळदीलाच एवढे डीजे होते की म्हातारी माणसं दुसऱ्या गावी झोपायला गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांना मुलगा झाला, नाव फतेहसिंह खान. त्या नावातच दोन्ही घरं आहेत, मला फार गोड वाटलं.

आणि हा माणूस रिटायर झाल्यावर टीव्हीवर बसून रोज कुणाला ना कुणाला झोडत बसला नाही. खेळत असतानाच पुण्यात रेस्टॉरंट काढलेलं, मग ॲड्रियन ल रू आणि अँड्र्यू लीपस या फिटनेसवाल्यांबरोबर प्रोस्पोर्ट सुरू केलं. स्वतःच्या शरीराने एवढं छळलं म्हणून की काय, धंदाच शरीराचा काढला.

संपादक मंडळ

लग्नाच्या विषयावर आलेले पाच प्रतिसाद उडवले आहेत. जातधर्मावरून चिखलफेक करायची असेल तर दुसरीकडे जा. पुढच्या वेळी आयडी बंद होईल.

भुसावळ_जंक्शन

बरं झालं. मी वाचले होते, आंघोळ करावीशी वाटली.

विषयांतर टाळून एक भर घालतो. २ एप्रिल २०११ ची फायनल. झहीरचा पहिला स्पेल ५ ओव्हर, ३ मेडन, ६ रन, १ विकेट. थरंगा स्लिपमध्ये सेहवागकडे. वर्ल्ड कप फायनलमध्ये तीन मेडन! शेवटी १० ओव्हरमध्ये ६० गेले, शेवटच्या ओव्हरांत मार पडला, तरी सुरुवात विसरू नका. आणि वानखेडेचं ते पिच कुणी बनवलं होतं? सुधीर नाईक. तेच, ज्यांच्याकडे श्रीरामपूरहून येऊन उभा राहिला होता. पोराला शिकवलंही त्यांनी आणि फायनलला जमीनही त्यांनीच तयार करून दिली. २०२३ मध्ये नाईक गेले तेव्हा पेपरात बातमी कोपऱ्यात होती.

त्या वर्ल्ड कपात झहीरचे २१ बळी, आफ्रिदीबरोबर सर्वात जास्त. मालिकावीर युवराज, बरोबरच आहे, पण बंगळुरूला इंग्लंडविरुद्धची ती टाय मॅच ज्यांनी पाहिली ते झहीरला अर्धा कप देतील. ३३९ हवे होते, २ बाद २८१, बेल आणि स्ट्रॉस खेळतायत, लोक टीव्ही बंद करून जेवायला बसलेले. लागोपाठच्या दोन बॉलवर दोघंही गेले. मग कॉलिंगवुडही त्यानेच काढला.

खरं_बोलतो_धुळे

@तापीकाठ, ठीक आहे, "सरासरी दोन माणसांची" हा मुद्दा अर्धा मान्य. २००८ ला बंगळुरूत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५ विकेट आणि नाबाद ५७, तेही आठवलं मला. महान नाही म्हणणार, पण हुशार म्हणेन. आमच्या धुळ्यात हुशार हे मोठंच सर्टिफिकेट असतं.

बॅटिंगवर कुणी बोललं नाही. ढाक्याला २००४ मध्ये अकराव्या नंबरवर ७५! सचिन २४८ नाबाद, दोघांची शेवटच्या विकेटला १३३. तेव्हा अकराव्या नंबरचा विश्वविक्रम होता तो. मी आणि माझा भाऊ लोडशेडिंगमध्ये ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकत होतो, "झहीर, छक्का" असं दोनदा ऐकल्यावर भाऊ म्हणाला स्टेशन बदललंय, हे दुसऱ्याच मॅचचं लागलंय.

नंदुरबारना_भाऊ

२०१४ नी वेलिंग्टन कसोटी बी लिखा कोनी. मॅक्युलमना ३०२ झायात, झहीर पस्तीसना, आनि ५१ ओव्हर टाक्यात. ५१! पाच विकेट. ती त्यानी शेवटनी कसोटी. आनि हाऊ धुयावाला म्हनस फिट नही.

खरं_बोलतो_धुळे

😀 झालं भाऊ, हात जोडले.

बाप_चोपड्याचा

नमस्कार. मी इथे फक्त वाचत असतो, पहिल्यांदा लिहितोय. धाग्याशी संबंध आहे म्हणून विचारतो.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, डावखुरा, फास्ट टाकतो. आतापर्यंत टेनिस बॉलवर, गावातल्या नाइट टुर्नामेंटमध्ये. लेदर बॉल वर्षभरापासून. इथले सगळे म्हणतात पुण्याला पाठवा, तिथे अकॅडमी आहेत. पुण्याचा खर्च, रूम, जेवण, फी धरून केळीच्या एका अख्ख्या पिकाचं उत्पन्न जातं, ते पण भाव नीट मिळाला तर. बायको म्हणते आधी दहावी. मुलगा म्हणतो झहीर गेला होता. काय करावं?

अमळनेरची_लेक

दादा, मुलाला सांगा, झहीर गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि इंजिनिअरिंगचा प्रवेश घेऊन झाला होता. म्हणजे सोडायला काहीतरी हातात होतं. वहिनींचं ऐका.

केळीवाला_रावेर

दहावीचं ठीक, पण पाच वर्षं थांबाल तर वय निघून जाईल. आमच्या गावातला एक पोरगा असाच थांबला, आता तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलचं दुकान आहे. टेनिस बॉलवर अजून सगळ्यांना झोपवतो.

तापीकाठ

माझं मत मधलं. झहीर मुंबईला गेला तेव्हा वेगळा काळ होता, जिल्ह्याच्या गावात काही नव्हतंच. आता जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हा संघटना महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनशी जोडलेल्या आहेत, वयोगटाच्या निवड चाचण्या जिल्ह्यातूनच होतात. जळगावात जैन इरिगेशनमुळे चांगल्या दर्जाचं लेदर क्रिकेट डोळ्यासमोर खेळलं जातं. आधी जिल्ह्याच्या संघात नाव येऊ द्या. तिथे आलं नाही तर पुण्यात फी भरून येणार नाही. तिथे आलं तर पुण्यातून कुणीतरी स्वतःच विचारेल.

पण पुण्यात मोठ्या मुलांशी रोज खेळायला मिळतं, ते इथे नाही, हेही खरं. त्यामुळे माझा सल्ला म्हणजे देवाचा शब्द नव्हे.

डावखुरा_चाळीसगाव

@बाप_चोपड्याचा, पैशाचं तुम्ही ठरवा, मी बोलिंगचं सांगतो.

एक, नाइट टुर्नामेंट ताबडतोब कमी करा. बंद नाही, कमी. टेनिस बॉलवर वेग काढायला पोरं खांदा झटकून टाकतात, मनगट मागे राहत नाही, आणि तीच सवय लेदरवर सीम वाकडी पाडते. शिवाय एका रात्रीत तीन-तीन मॅच, दुसऱ्या दिवशी लेदरचा सराव. पंधराव्या वर्षी कंबरेच्या मणक्याला ताणाचं फ्रॅक्चर होतं ते असंच, आणि मग वर्ष जातं.

दोन, जिममध्ये वजनं उचलायला कुणी पाठवत असेल तर त्याला चार शिव्या घाला. धावू द्या, पोहू द्या, शेतात काम करू द्या.

तीन, वेग मोजू नका. लेदर बॉल द्या, ऑफ स्टंपच्या रेषेत पिचवर एक पांढरा रुमाल अंथरा, चांगल्या लेंग्थवर, आणि दहापैकी किती पडतात ते वहीत लिहायला सांगा. तारखेसह. पंधरा दिवसांनी वही बघा. आकडा वाढत असेल तर पोराला खेळात रस आहे. वही हरवली असं म्हणाला तर त्याला झहीरच्या नावात रस आहे.

चार, उन्हात नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सकाळी साडेनऊनंतर मैदानावर थांबणं म्हणजे गुन्हा.

व्हिडिओ टाकता येईल का? समोरून नको, यष्टिरक्षकाच्या बाजूनेही नको. बोलरच्या मागून, अंपायरच्या जागेवरून, मनगट आणि पुढचा पाय दोन्ही दिसतील असा. स्लो मोशनमध्ये सहा बॉल पुरेत.

बाप_चोपड्याचा

सर्वांचे आभार. टुर्नामेंटचं घरात बोललो, पोरगा फुगून बसलाय, रविवारी बक्षीस ट्रॅक्टरच्या टायरचं आहे म्हणे.

गहू काढायला मशीन उद्या येतंय, ते झालं की परवा सकाळी व्हिडिओ काढून टाकतो. मोबाइल अंपायरच्या जागी धरायचा की स्टंपला बांधायचा?

डावखुरा_चाळीसगाव

हातात धरा. स्टंपला बांधला तर पहिल्याच थ्रोला फुटेल. आणि टायर दुसऱ्या कुणाला जिंकू द्या.